रिकाम्या आकाशाचा तुकडा

६ नोव्हेंबर, गुरुवार

घरी येऊन तीन दिवस झाले आणि पेपरची तीन वाक्यं झाली. दिवसाला एक. याच वेगानं गेले तर पेपर संपेपर्यंत आणखी एखादा तारा फुटून मोकळा होईल.

पुण्याच्या होस्टेलवर शांतता नाही म्हणून मी इथं आले. भंडारा जिल्ह्यातल्या करडीपासून चार किलोमीटर आत आमचं गाव, इथं कसला आवाज, असं वाटलं होतं. इथं घरामागं धान चुरायचं मळणीचं मशीन घरघरतं आहे, वहिनीची तीन महिन्यांची बबली रडते आहे, आणि आई अंगणवाडीतून परतली की फाटकापासूनच बोलत येते. मी कानात बोळे घालून आतल्या खोलीत बसते. माझ्या गाइड मॅडमनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: दुर्बिणीतून येणाऱ्या प्रकाशात हवं ते थोडं असतं, नको ते पुष्कळ. हवेचा स्वतःचा उजेड असतो, गावांचे दिवे असतात. नको ते आधी वजा करायचं. तसं मी घर वजा करून बसले आहे.

हर्षावहिनीनं आज अंबाडी निवडता निवडता विचारलंच. "ताई, तुम्ही नेमकं काय पाहून राहिल्या त्याच्यात?"

मी सांगितलं. हंस नावाच्या तारकासमूहात हजारो वर्षांपूर्वी एक तारा फुटला. त्याचा धक्का अजून बाहेर बाहेर चालला आहे. वाटेत वायूचा ढग आला की धक्का त्याच्यावर आदळतो, ढग तापतो, उजळतो. त्या उजेडातले रंग आम्ही वेगवेगळे करतो, मग रेषा दिसतात. कोणती रेषा कुठं पडली त्यावरून कळतं, ढगात काय काय आहे आणि धक्का किती जोरात बसला.

"मंग तुम्हाले काय सापडलं?"

धागा सापडला. वाकडा, विरळ, हिरवट. त्यात ऑक्सिजन भरपूर आणि हायड्रोजन नाहीच. साध्या ढगात हायड्रोजन असतोच असतो. म्हणजे हा वाटेतला ढग नसावा, फुटलेल्या ताऱ्याच्या पोटातलाच तुकडा असावा, इतक्या वर्षांनीही कशात न मिसळलेला. एवढ्या म्हाताऱ्या अवशेषात असा तुकडा टिकला असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

"बाप्पा," वहिनी म्हणाली, "ताऱ्याच्याही पोटातलं काढता तुम्ही." आणि बबलीला पाजायला उठून गेली.

पाच डिसेंबरला पेपर पाठवायचा आहे. जर्मनीची फेलोशिप त्याच्यावरच अवलंबून आहे. हा तुकडा खरा ठरला तर तू मार्गी लागलीस, असं मॅडम म्हणाल्या. फेलोशिपच्या अर्जात स्वतःबद्दल एक पान लिहायचं असतं. त्याचं पहिलं वाक्य मात्र झटक्यात जमलं: 'माझ्या घरात माझ्याआधी कुणीही विज्ञान शिकलेलं नाही.' चांगलं उतरलं आहे. तेवढंच वाक्य मी चार वेळा वाचलं.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी लॅपटॉप घेऊन तलावाच्या पाळीवर गेले. तिथं मोहाच्या झाडाखाली रेंज असते. पाणी अजिबात हलत नव्हतं. पलीकडच्या काठाला मळलेल्या धानाच्या तणसाचे ढीग, त्यांच्यावरून धानाची पिवळी धूळ सावकाश वर जाऊन उन्हात थांबलेली. स्क्रीनवर माझा धागा उघडला होता. डोळे अर्धे मिटले की धागा कुठं संपतो आणि तलाव कुठं सुरू होतो, कळत नव्हतं. तिथं वाराही नाही, आवाजही नाही. मी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे.

"दामे, झोपली का काय?"

दादा होता, इश्वरदादा. डोक्याला दुपट्टा, भुवयांवर धानाचा कोंडा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बाबा गेले त्या वर्षी कॉलेज सोडून घरी आला तो आलाच. मन लागलं नाही म्हणे. काहींचं नसतंच लागत. शेतात मात्र त्याचा हात कुणी धरणार नाही.

तो शेजारी उकिडवा बसला आणि आलेख बघत राहिला. मग एका जागी बोट ठेवलं. "इथं खड्डा काहून पडला? चारशे शहाऐंशीवर?"

सकाळी मी फोनवर मॅडमशी बोलत होते, तेव्हा आकडा कानावर पडला असेल त्याच्या. म्हटलं, "दादा, ती हायड्रोजनची जागा आहे. तिथं काही नाही. थोडी खरखर आहे नुसती."

"नाही ते ठीक. पण हे तं नाहीच्याही खाली गेलं."

"एवढं चालतं."

"चालते का?" तो म्हणाला. "मले वाटलं, काही नसलं तं रेघ सपाट पायजे."

मी म्हटलं, तुझं मशीन बंद पडलेलं दिसतंय, बघ जा. तो हसला आणि गेला. आता वाटतं, जरा तुसडेपणा झाला. पण प्रत्येकाला सगळं समजावत बसले तर पेपर कधी लिहू?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

थंडी पडायला लागली. आईनं पेटीतून दुपटं काढायला सांगितलं, बबलीसाठी. आमच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड घडी आहे ती, डांबरगोळ्यांचा वास येणारी.

तिच्याखाली माझं बारावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक निघालं. पहिल्या पानावर माझं नाव, त्याच्याखाली निळ्या शाईचा मोठा डाग. रेषांच्या धड्यावर पेन्सिलीनं समासात टिपणं होती, इतकी बारीक आणि नीट, की मीच थक्क झाले. 'प्रत्येक मूलद्रव्याची सही वेगळी. सूर्यावर न जाता सूर्यात काय आहे ते सांगता येते.' त्याच्याखाली 4861, माझ्या चारशे शहाऐंशीचाच जुन्या मापातला आकडा, दोनदा अधोरेखित. तेव्हा माझं अक्षर किती चांगलं होतं. आता तर माझं मलाच वाचता येत नाही. इतक्या लहानपणी आपल्याला हे वेड होतं, हे बघून बरं वाटलं. अर्जात याचाही उल्लेख करावा.

आईला दाखवलं तर तिनं पुस्तक हातात घेतलं, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ठेव बाई जपून. पाण्यात नको सोडू." पाण्याचा काय संबंध?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घरात कुणी धड जेवलं नाही.

आज आईच्या अंगणवाडीत लेकरांचं वजन होतं. बबली गेल्या महिन्यात पाच किलो शंभर ग्रॅम होती. आज चार किलो नऊशे भरली. वाढायच्या वयात दोनशे ग्रॅम उतरली. एकोणतीस वर्षं आई दुसऱ्यांच्या आयांना सांगत आली, आता स्वतःच्या नातीचा आकडा तिनंच रजिस्टरात लिहिला. घरी येताना पहिल्यांदाच ती फाटकापासून बोलत आली नाही.

वहिनी चुलीपुढं बसून रडत होती. "माह्यात दूधच नसन," एवढंच म्हणत होती. आई म्हणाली, "तसं काही नसते, हर्षा." पण म्हणताना तिनं वहिनीकडं पाहिलं नाही. उद्या सकाळच्या बसनं भंडाऱ्याला दाखवायला न्यायचं ठरलं.

मी बोळे काढून ठेवले. घालायची लाज वाटली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जसं घडलं तसं लिहून ठेवते.

पहाटे दादा बबलीला उजव्या हातावर घेऊन अंगणात फिरत होता. वहिनीची पिशवी भरून झाली होती. दादा अचानक थांबला. "आई, हे पोरगी कमी नाही झाली. रोज उचलतो मी. हाताले कळते."

"काटा खोटं बोलते का मंग?" आई म्हणाली.

"काटा शून्यावर काय लावून आणला होता?"

"झोळी लावून. नेहमीसारखं."

"रिकामी होती झोळी?"

आई बोलायला गेली आणि थांबली. अंगणवाडीत टांगता काटा आहे. त्याला कापडी झोळी लावायची, काटा फिरवून शून्यावर आणायचा, मग लेकरू झोळीत ठेवायचं. पण थंडीनं झोळी गार पडते, उघडी लेकरं दचकतात, म्हणून आईनं काल आत आमचं दुपटं घडी करून ठेवलं होतं आणि त्याच्यासकट काटा शून्यावर आणला होता. बरोबरच होतं ते. मध्ये एका लेकरानं दुपटं ओलं केलं. आईनं ते काढून वाळत टाकलं आणि पुढची पाच लेकरं नुसत्या झोळीत तोलली. शून्य मात्र दुपट्यासकटचंच राहिलं.

"सहाशे ग्रॅम तं असन ते," दादा म्हणाला.

आईनं किल्ली घेतली. आम्ही सगळेच अंगणवाडीत गेलो, वहिनी चपलेविना. रिकामी झोळी, शून्य, बबली. पाच किलो पाचशे. वहिनी हसली आणि मग कालच्यापेक्षा जास्त रडली. दादा म्हणाला, "आता कायले रडतेस वो?" आणि स्वतःच तोंड फिरवून उभा राहिला.

मला वाटलं, संपलं. पण आईनं रजिस्टर उघडून बाकीची चार नावं पाहिली, पदर खोचला आणि निघाली. मी मागं गेले. प्रत्येक दारात तेच: "रात्री काळजीनं झोपले नसान तुम्ही. लेकरू ठीक हाये. माही चुकी झाली, मी काटा नीट नाही धरला. दहा वाजता घेऊन या, पुन्हा तोलू." त्यातल्या एका घरी रुखमाच्या सासूनं ऐकवलंच, "इतकी वर्षं झाली, अन् आता चुकी?" आई म्हणाली, "हो वो, आता." आणि पुढच्या घरी गेली.

परतताना विचारलं, "आई, पुढच्या महिन्यात वजन आपोआप बरोबर आलंच असतं ना? सांगायलाच पाहिजे होतं का?"

"महिनाभर त्या माय लोकांनी काय केलं असतं?" ती म्हणाली.

जेवताना भाताचा घास हातातच राहिला. रिकामी होती झोळी? मी माझं शून्य कशावर धरलं आहे?

२० नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या यंत्रात एक लांब बारीक फट असते. फटीच्या एका टोकाशी माझा धागा, दुसऱ्या टोकाशी काळं, मोकळं आकाश. त्या मोकळ्या आकाशाचा उजेड मी धाग्यातून वजा केला आहे. मोकळं आहे हे कशावरून? फोटोत तिथं काळं दिसतं म्हणून.

त्याच रात्री दुर्बीण बरीच दूर नेऊन आकाशाची एक वेगळी नोंदही घेतली होती. गरज नाही म्हणून मी ती कधी उघडली नाही. आज उघडली. दूरचं आकाश घेऊन माझं मोकळं आकाश तपासलं.

मोकळं नव्हतं.

चारशे शहाऐंशीवर बारीकशी रेषा. हायड्रोजन. ऑक्सिजनचा पत्ता नाही. पुस्तकात आहे हे, मी स्वतः दोनदा शिकवलं आहे: धक्का जिथं नुकताच पोचला असतो तिथं आधी नुसता हायड्रोजन उजळतो, अगदी मंद. ऑक्सिजनची हिरवी झळाळी मागून येते. धक्क्याची सगळ्यात पुढची कड इतकी फिकी असते, की फोटोत दिसतच नाही. तिलाच मी रिकामं समजले आणि तिचा हायड्रोजन माझ्या धाग्यातून काढून टाकला. दादाला दिसलेला खड्डा तोच.

नवं आकाश धरून वजाबाकी केली. धाग्यात हायड्रोजन परत आला. वाटेतला साधा ढग आहे तो. ताऱ्याच्या पोटातलं काहीही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

कुणाला सांगितलेलं नाही.

मॅडमचा मेसेज आला: मसुदा सुंदर झालाय, शेवटचा आलेख पाठव. मी अंगठा पाठवला.

खरं सांगायचं तर मी तीन दिवस कारणं शोधते आहे. दूरच्या आकाशाची नोंद थोडी कमी वेळाची होती. तीच चुकीची असेल. पेपर छापून येऊ दे, पुढं कुणी दुसरं दुरुस्त करील, विज्ञान असंच चालतं. पाच वर्षं काढली या धाग्यावर. सत्तावीस वर्षांची झाले. तो गेला तर जर्मनी गेली आणि मी पुन्हा पहिल्या पायरीवर. ही नोंद फक्त माझ्या डिस्कवर आहे. न उघडली असती तर?

दुपारी वहिनीनं उकडलेले शिंगाडे आणून ठेवले. काळी सालं सोलताना बोटं जांभळी झाली. तिनं काही विचारलं नाही, नुसती जवळ बसून राहिली. या बाईला मी तीन आठवडे आवाज समजत होते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी झोप लागली त्यात स्वप्न पडलं. मी त्या ढगातून चालत होते. पायाखाली काही नव्हतं आणि तरी चिखलणी केलेल्या धानाच्या बांधीसारखं मऊ लागत होतं. सगळीकडं हिरवा उजेड. समोरून काहीतरी मोठं येत होतं, आवाज न करता, आणि मला माहीत होतं की ते आधी माझ्यावर आदळणार नाही. माझ्या पुढं कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. मी हाक मारली तेव्हा वहिनीनं हलवून उठवलं.

दिवस बुडताना पाळीवर गेले. पाण्यावर धुकं उतरत होतं. दादा तलावाचं गेट पाहून परत येत होता. पश्चिमेला तारे उमटायला लागले होते. तो म्हणाला, "तुझा हंस बुडाले चालला. गावातल्या पोराईले मी क्रॉस म्हणून दाखवतो." त्यानं बोटानं शेपटी, पंख, चोच, सगळं बरोबर दाखवलं. मी कधी शिकवलं नव्हतं. मोबाइलवर पाहिलं असेल.

मग मले रडू आलं. (लिहिता लिहिता 'मले' लिहून गेले. राहू दे.) त्याले सगळं सांगितलं. रिकामं आकाश, दुपटं, धागा, जर्मनी. तो ऐकत राहिला. सल्ला दिला नाही.

"तुझा खड्डा बरोबर होता," मी म्हटलं.

"मले एवढंच दिसलं का सपाट नाही हाये," तो म्हणाला. मग हंसाकडं बघत, "त्या पहिल्या जागी, जिथं धक्का आधी लागते, तिथं पुढं काय होते?"

"हळूहळू तीही उजळते. खूप वर्षांनी."

"अस्सं," तो म्हणाला. "चाल, आई वाट पाहून राहिली असन."

१ डिसेंबर, सोमवार

बियाण्याचं धान पोत्यांत भरून आतल्या खोलीत लावलं. माझ्या टेबलाशेजारी, कारण तिथं ओल येत नाही. पोत्यांवर दादानं ब्रशनं वाण आणि मळणीची तारीख लिहिली आहे, दरवर्षी लिहितो तशी.

पेपर उघडून बसले होते. नजर सहज पोत्यावर गेली. 14 मधला चार. वरून उघडा, पाय खाली लांब ओढलेला, टोकाला डावीकडं छोटी मुरड. असा चार मी कुठंतरी पाहिला होता.

पुस्तक काढलं. 4861.

मग प्रत्येक पान पाहिलं. एकही अक्षर माझं नाही. पहिलं पान उन्हात धरलं. माझ्या नावाखालच्या शाईत पुसून टाकलेलं नाव आहे. 'इ' स्पष्ट दिसते.

आई अंगणात डाळ पाखडत होती. मी पुस्तक घेऊन समोर बसले. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुले सांगायचं नाही म्हणला होता तो," आई म्हणाली. "भंडाऱ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाले होता. तारे अन् उजेड, हेच चालू राहायचं त्याच्या तोंडी. बाबा गेले तेव्हा तू दहावीत. दोघापैकी एकच शिकन, हे त्यालेच आधी समजलं. पुस्तकं तलावात सोडाले निघाला होता. पाळीवर बसून राहिला अन् परत घेऊन आला. म्हणे, दामीच्या कामी पडतीन. आपलं नाव खोडून तुझं घातलं."

"मन लागलं नाही, असं मले सांगितलं होतं तुम्ही."

"मंग काय सांगायचं होतं?" आई म्हणाली. "तू शिकली असती का?"

अकरा वर्षं मी त्याच्या पेन्सिलीवर पाय ठेवून वर चढले आणि त्याले मशीन बघाले पाठवलं. मले माझीच इतकी चीड कधी आली नव्हती.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी मॅडमले फोन केला. आईसारखंच एका दमात सांगितलं: "मॅडम, माझी चूक झाली. आकाश रिकामं नव्हतं. हायड्रोजन आहे." मग म्हणाल्या, "आलेख पाठव." तासाभरानं त्यांचाच फोन. "तू बरोबर आहेस. पेपर थांबवते. वाईट वाटतंय, दामिनी." त्यांनी विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं?" मी म्हटलं, "माझ्या भावाच्या. तीन आठवड्यांपूर्वीच."

जर्मनीचा अर्ज तरी पाठव, म्हणाल्या. पेपरविना कोण घेणार? पण पाठवते.

दुपारी लॅपटॉप घेऊन मशीनपाशी गेले. दादानं मशीन बंद केलं, हात दुपट्ट्याले पुसले. नवा आलेख त्याच्यापुढं धरला. त्यानं चारशे शहाऐंशीवर बोट नेलं, स्क्रीनले न लावता वरच थांबवलं. खड्ड्याच्या जागी उंच, बारीक रेषा उभी होती.

"मंग तुझा तुकडा गेला," तो म्हणाला.

"गेला."

"रेष मात्र नीट आली." तो बघतच राहिला. कोंडा उडून पापण्यांवर बसला होता, तो त्यानं झटकला नाही. मी बारावीचं पुस्तक काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. त्यानं पान उलटून रेषांचा धडा काढला आणि वाचाले लागला, ओठ हलवत. वहिनीनं जेवाले हाक मारली तरी उठला नाही.

संध्याकाळी अर्ज उघडला. पहिलं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं: 'माझ्या घरात माझ्याआधी माझा मोठा भाऊ इश्वर विज्ञान शिकला. या अर्जात ज्या चुकीबद्दल मी पुढे लिहिले आहे, ती त्याने पकडली.'

त्याले वाचून दाखवलं. म्हणाला, "शिकला कुठं? अर्धवट."

मी तो शब्द घातला नाही.